बिनवायरचा कीबोर्ड आणि देवधरबाई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. 'ह्यांचं मला सगळं माहीत आहे' असं ती चारचौघांत सांगते, मी मान डोलावतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सदाशिव पेठेत एका डीटीपीच्या दुकानात मी कामाला आहे. लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, स्मरणिका — येईल ते टाइप करायचं, मांडायचं, छापायला पाठवायचं. देवधरबाई माझ्या पुढच्या टेबलावर, माझ्याकडे पाठ करून बसायच्या. वयाने मोठ्या, कामात चोख. आणि जीभ? — विचारू नका. माझी चूक सापडली की गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचायच्या. "अहो, आपण शाळेत गेला होतात, की नुसते शाळेवरून?" गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो. दुसरं काय करणार होतो?

एकदा मालकांनी स्वस्तातला वायरलेस कीबोर्ड आणि माउस आणला. आधी एक सेट वापरून बघू, बरा निघाला तर सगळ्यांना घेऊ. पहिला मान बाईंचा. त्यांनी अर्धा दिवस तो बडवला, "खेळणं आहे हे" म्हणाल्या आणि आपला जुना वायरचा कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला. सेट माझ्याकडे आला. पण त्याच्याबरोबरचा नखाएवढा रिसीव्हर बाईंच्या मशीनमागेच खोचलेला राहिला. मी बटणं दाबली — माझ्या पडद्यावर काहीच नाही. बाईंच्या पडद्यावर मात्र अक्षरांची रांग उमटली. बाईंनी हात उचलले आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या.

तेव्हा सांगायला काय झालं होतं? 'बाई, रिसीव्हर तुमच्याकडेच राहिलाय.' एवढंच तर होतं. मी मालकांना म्हणालो, हा चालत नाही, आणि सेट माझ्या खणात ठेवला. खण मात्र अर्धवट उघडा.

मग कधी त्यांची एखादी ओळ गायब. कधी भलत्याच जागी टिंब. पाठीमागून मला त्यांचा पडदा स्वच्छ दिसायचा. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही — का पाहतील? त्या स्वतःलाच तपासत होत्या. हळूहळू माझ्या चुका वाचणं बंद झालं. मला मजा येत होती. हो, मजाच. बाईंच्या आईला शेवटी पोटची मुलगीही ओळखू येत नव्हती, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

एका पत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाने वाचून, सही करून दिलं. त्यानंतर कुणी पुन्हा वाचत नाही, आमच्या धंद्याची रीतच आहे ती. बाई चहा टाकायला उठल्या. मी खणातला माउस सरकवला, वधूच्या आजोबांच्या नावामागचं 'श्री.' पुसलं आणि तिथे 'कै.' टाइप केलं. हयात माणसाला बसल्या जागेवरून कैलासवासी केलं. बाईंनी येऊन ती फाइल छापायला पाठवली.

पत्रिका वाटून झाल्यावर ते आजोबा स्वतः काठी टेकत दुकानात आले. "अहो, मीच तो. नमस्कार करताय, की फोटोला हार घालताय? घरी ही रडतीये." कुणी हसलं नाही. बाईंनी सहीचं प्रूफ काढलं. ते बरोबर होतं. "म्हणजे नंतर मीच बदललं," त्या म्हणाल्या. "मला आठवत नाही." ही दोन वाक्यं त्यांनी माझ्याच डोळ्यांदेखत उच्चारली, आणि मी माझ्या पडद्याकडे बघत बसलो.

मालक राहा म्हणत होते. बाई राहिल्या नाहीत. चष्म्याचं घर पर्समध्ये टाकलं आणि गेल्या. त्या गेल्यावर मी त्यांच्या मशीनमागचा रिसीव्हर उपटला आणि घरी येताना कचराकुंडीत फेकला. त्यांची पुढची खुर्ची मला मिळाली.

गेल्या महिन्यात कात्रजला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या भाचीच्या लग्नाचं आमंत्रण घ्यायला त्यांनी बोलावलं होतं. डॉक्टर म्हणतात काही नाही, सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. बाईंचा डॉक्टरांवर विश्वास नाही. घराबाहेर त्या एकट्या जात नाहीत. गॅस बंद आहे ना, हे शेजारणीला बोलावून बघायला लावतात. पाकिटांवरचे पत्ते त्यांनीच लिहिले होते, मोत्यासारख्या अक्षरात. तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "जरा नजर घालता? माझा काही भरवसा नाही. तुमचं बरं आहे हो, तुमचं डोकं जागेवर आहे."

मी एकेक पाकीट वाचलं. एकही चूक नव्हती. बरोबर आहे म्हणालो, त्यांनी केलेला चहा प्यायलो आणि घरी आलो.

बाईंच्या डोक्याला कधीच काही झालेलं नव्हतं. हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि त्या दिवशीही मी त्यांना ते सांगितलं नाही.