लाल होणारी सोवळ्याची घागर

धारच्या घरी आज नव्या बोअरचा नळ सोडला आणि लोखंडाचा तो ओला वास मला थेट देवासच्या सासरी घेऊन गेला. सासूबाई सकाळी सोवळ्यात घागर भरायच्या तेव्हा पाणी अगदी नितळ असायचं. नैवेद्याच्या वेळेपर्यंत तांबूस व्हायचं. "कुणाचा तरी हात लागला," त्या म्हणायच्या, आणि घरात 'कुणी' म्हणजे मीच. शाळेत विज्ञान शिकवणारी मी तोंड दुखेपर्यंत सांगायची, "अहो आई, पाण्यात लोखंड विरघळलेलं आहे, हवा लागली की गंजतं, त्यात एवढी गरमी, मग तर आणखी जल्दी!" ऐकतंय कोण? शेवटी वैतागून त्यांच्याच हातून दोन घागरी भरवल्या. एक उघडी ठेवली. दुसरी काठोकाठ भरून तिचं झाकण कणकेने लिंपायला लावलं. दुपारी उघडी लाल, लिंपलेली जशीच्या तशी नितळ. आता तरी पटेल म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. "बघितलंस?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लिंपली तर तुझा हात नाही पोचला." आज नळाखाली बादली लावली आणि माझे दोन्ही हात आपसूक पाठीमागे गेले.