रोवण्यातली हजेरी

चौथीनंतर पाटी सुटली, त्यामुळे माझ्या वेलांट्या कुठेही पडतात आणि अक्षर ओळ सोडून वर चढतं. चुकून कोणाच्या हाती ही वही लागली तर त्याने रागावू नये, समजून घ्यावं. ही एक गोष्ट तोंडाने सांगायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. सानगडीच्या बाजूला एका सरकारी कचेरीत माझे मालक शिपाई होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं, पण कच्चं. दोन वर्षं काम बघू, मग कायम करू, असं सांगितलं. घरात दोन लेकरं होती. कायम होणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

आमच्या कचेरीतून शेतकऱ्यांना खताचं परमिट मिळायचं. बाबूंच्या खुर्च्या सहा होत्या आणि बसणारे चार. दोन जागा कित्येक वर्षं भरल्याच नव्हत्या. उरलेल्या चौघांची धानाची शेती एकाच तलावाखाली होती. खताला गर्दी व्हायची ती रोवण्यात, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत, आणि बाबू गायब व्हायचे तेही रोवण्यातच. दिघोरीकडून सायकल हाणत आलेला माणूस रिकाम्या खुर्च्या पाहायचा आणि मला विचारायचा, "काहून वं बाई, आज तरी बाबू येऊन राहिले का नाही?" मी खाली मान घालून पाण्याचा गिलास पुढे करायची. दुसरं मला काही येत नव्हतं.

साहेब देशावरचे, नवीन आलेले. त्यांना रोवणा कशाशी खातात ते माहीत नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांनी सगळ्यांच्या रजा नामंजूर केल्या. दुसऱ्या दिवशी चार अर्ज आले. एकाला ताप, एकाला हगवण, दोघांची कंबर धरलेली. पंधरा पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. साहेब भंडाऱ्याला मिटिंगला निघाले तेव्हा मला म्हणाले, "बाई, तुम्ही रोज जा आणि एकेकाला घेऊन या."

मी सहा दिवस शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने फिरले. चौघांतले मुख्य, बडे बाबू, आपल्या धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे होते. मला पाहून म्हणाले, "साहेबाले सांग, बाबू लय बिमार आहे." रोवणाऱ्या बाया खदखदून हसल्या. मी तशीच परतले.

महिना संपला तेव्हा पगार सहा दिवसांनी कमी आला. मी सकाळीच घरून परस्पर शेतांवर जायची, त्यामुळे हजेरीबुकात माझे सहा रकाने कोरे राहिले होते. साहेबांनी बाबूंचा पगार कापायला सांगितला होता; बडे बाबूंनी बिल करताना चौघांबरोबर माझ्याही नावापुढे लाल शाईने गैरहजर लिहिलं, आणि साहेबांनी रागाच्या भरात न वाचता सही ठोकली. बडे बाबू वरून म्हणाले, "इतके लाल शेरे असल्यावर तू कायम कायची होतेस, बाई?" मला रडू आलं. पण साहेबांच्या दाराशी बोलायला म्हणून जायची आणि पाण्याचा गिलास ठेवून परत यायची. वर्षभर असंच चाललं.

पुढच्या वर्षी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातभर झाले तशी साहेबांनी मिटिंग बोलावली. "यंदाही कोणाला रजा नाही," ते म्हणाले. चारही बाबूंनी माना हलवल्या. मी चहा देत होते. त्यांच्या माना हलताना पाहिल्या आणि मला कळलं, हे चौघं परवा पुन्हा बिमार पडणार. तोंडातून कसं निघालं ठाऊक नाही, पण मी बोलले.

"साहेब, बाया त एकच आहेत."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "कोणत्या बाया?"

"रोवणाऱ्या. या चौघाइच्या बांधीत एकच टोळी जाते. एका दिवशी चार जागी कशी रोवणार?"

टायपिंगवाला बाबू तरुण होता, तो हसला. "वहिनी, तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? मी पाच साल त्याच टोळीत रोवलं ना."

मी हळूहळू सांगितलं. टोळीतली मोठी बाई नात्याने माझी चुलत जाऊ. नहराचं पाणी पुढं सरकेल तसं कोणाची बांधी कधी, ते तिच्या डोक्यात पक्कं असतं. एकेकाचं काम दोन-तीन दिवसांचं. पण रजा मिळणारच नाही, या भीतीने प्रत्येकजण पंधरा दिवस दाबून घ्यायचा.

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "जाऊबाईंना विचारून या."

त्या वर्षी आमच्या कचेरीच्या रजा रोवणाऱ्या बायांनी ठरवल्या. जाऊ बोटांवर मोजून सांगायची, मी येऊन साहेबांना सांगायची, ते लिहायचे. मधेच टायपिंगवाल्याच्या बांधीत पाणी पोचलं नाही, तर त्याचा नंबर दुसऱ्याला दिला. एका दिवशी एकच खुर्ची रिकामी. त्या खुर्चीचं सगळं काम मला येणं शक्य नव्हतं, पण गावांची नावं मला वाचता येत होती. मी अर्ज गावागावाचे वेगळे लावून द्यायची, बाबू भराभर सह्या करायचे. आलेला माणूस त्याच दिवशी परमिट घेऊन जायचा. एक म्हातारा जाता जाता म्हणाला, "यंदा कचेरीले भूत लागलं का वं?" मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी जेवताना पुन्हा पुन्हा तेच आठवलं.

रोवणे संपल्यावर साहेब माझ्या कायमचा कागद करायला बसले. जुनं हजेरीबुक उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, गेल्या वर्षी तुम्हीही सहा दिवस नव्हता?"

तेव्हा बडे बाबू खुर्चीवरून उठले. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी खोटा अर्ज न देता तीन दिवस पगारी रजा घेतली होती. ते म्हणाले, "साहेब, ते सहा दिवस बाई आमच्याच धुऱ्यावर उभी होती. तुमीच धाडलं होतं तिले. लाल शेरा माह्या हातचा आहे. चुकलं माझं."

साहेब लाल झाले. रागाने की लाजेने, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने सहाही रकान्यांत 'बाहेर कामावर' असं लिहिलं आणि कागद भंडाऱ्याला धाडला.

उत्तर यायला दिवाळीनंतरच्या मंडईचे, जत्रेचे दिवस उजाडले. कायमचा हुकूम त्यातच होता, आणि कापलेल्या पगाराची मंजुरीही. बडे बाबूंनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली, तिकीट लावलेल्या पावतीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं सही कर, बाई." मी पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी नोटा माझ्या हातात ठेवल्या. सहाही दिवसांचे पैसे पूर्ण मिळाले.