खंडेनवमीला बंद पडलेलं मशीन

मी एकदा फार शहाणपणा केला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात एका छोट्या कंपनीत आम्ही पाच जण कन्हानकडच्या खाणींसाठी कॉम्प्युटर प्रोग्राम लिहायचो. खाणीत उतरलेला प्रत्येक माणूस वर आला की नाही, हे सांगणारा प्रोग्राम माझा. माझी नोकरी त्यावरच पक्की होणार होती.

प्रत्येकाची आपापली फ्लॉपी. कुणाची प्रत नवी, कुणाची जुनी, रोज नुसती भांडणं. मी साहेबांना म्हटलं, सगळे प्रोग्राम मोठ्या मशीनवर एकाच जागी ठेवू. दुरुस्ती करायची त्याने आपल्या नावावर काढायचा, काम झालं की परत ठेवायचा. तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही.

"करा," साहेब म्हणाले. "पण काही गेलं तर जबाबदारी तुमची."

अष्टमीला मी सगळं मशीनवर चढवलं. जुन्या प्रती राहिल्या तर लोक त्याच वापरतील, म्हणून सगळ्यांच्या फ्लॉप्या मागून घेतल्या आणि स्वतःच्या हाताने पुसल्या. टेपवर प्रत उद्या काढू, म्हटलं.

उद्या खंडेनवमी! सकाळी पोचले तर मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि पडदा काळा. शिपाईकाकांनी मेन स्विचच पाडला होता.

"काहून पाडला?" मी ओरडले.

"पूजेच्या दिवशी अवजार नाही चालवत, मॅडम. तुमी काहून घाबरून राहिल्या?"

मशीन असं झटक्यात बंद केलं तर आतलं सगळं जाऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं? आरती संपेपर्यंत हात लावायची सोय नव्हती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी स्विचजवळ जाऊन उभी राहिले.

शेवटी मशीन सुरू केलं. आमची जागा रिकामी. एकही प्रोग्राम नाही.

"सगळं गेलं," मी रडतच सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. उलट सगळे प्रसादाच्या ताटाकडे बघायला लागले. मग आमच्यातले सगळ्यात वयस्कर सहकारी उठले आणि डब्याच्या पिशवीतून एक फ्लॉपी काढली.

"रागावू नको वं. मले भरवसा नव्हता. एक प्रत लपवून ठेवली होती."

पाठोपाठ एकाने खणातून काढली, एकाने स्कूटरच्या डिकीतून आणली, चौथ्याने वर्तमानपत्राच्या घडीतून. मेले लबाड! राग आला, हसूही आलं, जीव भांड्यात पडला.

"आता तुझी काढ," वयस्कर सहकारी म्हणाले.

माझी नव्हती, आणि माझा प्रोग्राम दुसऱ्या कुणाच्या फ्लॉपीवरही नव्हता. नियम मी एकटीनेच पाळला होता.