टॉवेल-टोपीचा राग

बावन्न वर्षांचा माणूस गाणं ऐकायला जातो, हे आमच्या माणसांच्या गळी उतरत नाही. तो रुसून जातो म्हटलं की लगेच पटतं. मला अजून त्याचा संताप येतो.

औंढ्याला आमच्या शेजारी एका मुसलमान टेलरचं दुकान होतं. कॉलेजात असताना त्याच्या टेपवर मी एका गझल गाणाऱ्या बाईंना पहिल्यांदा ऐकलं. उर्दू शब्दांचे अर्थ तो मशीन चालवता चालवता सांगायचा. पुढे हिंगोलीत कारकुनी लागली, लग्न झालं, घर बांधलं, पोरं शिकायला गेली. फाइली, भाजी, बारशी, वास्तुशांती. या सगळ्या रामरगाड्यात एकच इच्छा माझी स्वतःची होती. एकदा त्या बाईंच्या समोर बसून ऐकायचं. आणि त्या नांदेडला येणार होत्या, गाणं थांबवण्याआधी शेवटचं गायला. संध्याकाळी सहाला. मी तिकीट काढून ठेवलं.

नेमकं त्याच दिवशी मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं, वारंगा फाट्याला. म्हटलं बरंच झालं, नांदेडच्या वाटेवरच आहे. मुहूर्त साडेबाराचा. पण वरात डीजेपुढून हलेना, मग माइकवरून एकेका पुढाऱ्याचा सत्कार सुरू झाला. यांना लग्न लावायचंय की सभा घ्यायचीय, तेच कळेना. अक्षता पडल्या तेव्हा सव्वातीन वाजले होते. मी चार घास खाल्ले आणि निघालो. टॉवेल-टोपीचे आहेर अजून व्हायचे होते, आणि त्यात पहिला मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा. तो न घेताच मी मांडवातून उठलो.

फाट्यावर बसची वाट बघत होतो, तेवढ्यात जीप येऊन थांबली. आधी मेव्हणा उतरला, मागून सासरे, त्यांच्यामागून माझी बायको.

"दाजी, चुकलं आमचं. तुमचं नाव आधी पुकारायला पाहिजे व्हतं."

"अहो, मी रुसलो नाही. नांदेडला गाण्याला चाललोय."

"गाणं तं मोबाईलवर बी असतंय. आता सोडा राग."

मी खिशातलं तिकीट काढून दाखवलं. मेव्हण्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. भर रस्त्यात माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. मी जितकं नाही म्हणावं, तितकी त्याची खात्री पटत चालली की मामला फारच बिघडलाय.

मी बायकोकडे बघितलं. तिला तिकिटाचं माहीत होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट तिनेच काढून दिला होता. ती खालच्या आवाजात म्हणाली, "चला ना आता. चार लोकांत माझी शोभा काहून करून राहिले?"

बस आली. मी पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात सासऱ्यांनी डोक्यावरचा पटका काढून दोन्ही हातांवर धरला. ऐंशीच्या पुढचा माणूस, उघड्या डोक्याने उन्हात उभा.

"जावाईबापू, नातीच्या लग्नात असं करू नका."

खिडकीतून एक बाई ओरडली, "उतरा की हो काका! म्हातारा माणूस पटका काढून विनवून राहिला, तुमाला काईच वाटत न्हाई का?" कंडक्टर म्हणाला, "बसता का उतरता?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पाय खाली घेतला आणि ओरडलो, "व्हय! टॉवेल-टोपीचाच राग आलता मला! झालं समाधान?"

सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. मेव्हण्याने मला मिठीच मारली. बस निघून गेली.

सहा वाजता मी मांडवात खुर्चीवर बसलो होतो, मांडीवर दोन टॉवेल. एक मानाचा, एक समजुतीचा. तिकडे बाईंनी पहिली कुठली गझल घेतली, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

आता सासरकडचं कुठलंही लग्न असो, पहिलं नाव माझंच पुकारतात. मेव्हणा माइकवरून म्हणतो, "आधी दाजींचं उरका, न्हाई तं फाट्यावर जातील." मांडव हसतो. मेव्हण्याचा राग मी केव्हाच सोडला. राग माझाच येतो. त्या दिवशी हातातलं तिकीट दाखवताना माझीच मान खाली गेली होती, चोरी पकडली गेल्यासारखी. आणि रुसल्याचं खोटं सांगितलं, तेव्हा कुठे मी मान वर केली.

नाव पुकारलं की मी उठतो, आणि टोपी घालून घ्यायला डोकं पुढे करतो.