अप्पांचं उपोषण कुणी सोडवलं

माझे वडील, अप्पा, आयुष्यात एकदाच उपोषणाला बसले. त्या एका दिवसात त्यांनी मला जेवढं घाबरवलं तेवढं पुढं त्यांच्या दोन ऑपरेशनांनीही घाबरवलं नाही.

तेव्हा भ्रष्टाचाराविरुद्ध देशभर आंदोलन चाललं होतं. दिल्लीत मोठं उपोषण, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि गावोगावचे लोक पाठिंब्याला बसत होते. आमचं धारवाड मागं कसं राहील? सुभाष रोडच्या तोंडाशी मंडप उभा राहिला. साखळी उपोषण ठरलं, म्हणजे रोज अकरा जणांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अकरांनी. मी शाळेत इतिहास शिकवते. चळवळ म्हटलं की ‘नेत्यांचे कार्य पाच मुद्द्यांत लिहा’, एवढंच मला येत होतं. मंडपावरून जाता-येता मी बघायची आणि मनात जरा हसायची.

मग एक दिवस अप्पा नाव देऊन आले. वय सत्त्याहत्तर, त्यात मधुमेह. मी आकांडतांडव केलं. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत नोकरी केलेला, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांनी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही हे अख्खी गल्ली सांगेल. मी म्हटलं, खाणाऱ्यांनी उपास करावा, तुम्ही कशाला?

अप्पा चष्मा पुसत म्हणाले, “मी खाल्लं नाही, खरं आहे. पण खाणाऱ्याच्या शेजारी डबा उघडून छत्तीस वर्षं जेवलो. एकदाही मान वर केली नाही.”

 

त्यांच्या पाळीचा दिवस शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर मी मंडपात जाऊन बसले. पाणी प्यायला परवानगी होती. अप्पा सतरंजीवर ताठ बसून पेपर वाचत होते. तो समारोपाचा दिवस, म्हणून बेंगळूरहून एक मोठे पुढारी येणार होते. पाच वाजता त्यांच्या हातून अकरा जणांना लिंबू सरबत, मग भाषण. उपोषण सोडवायला मोठ्या माणसाचा हात लागतो, ही आपल्याकडची रीतच आहे. मंडपाशेजारी सरबताची गाडी लावणाऱ्या एका अक्कांनी अकरा ग्लास भरून, ताट झाकून, तयार ठेवले होते.

पाच वाजले, पाहुणे नाहीत. मंडपाची सगळी व्यवस्था बघणारे एक वकील होते. ते फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. पाहुणे हुबळीत पोचले होते, पण तिथं हार संपेनात. मग कळलं, निघाले. मग कळलं, वाटेत रायापूरला अडकले. रस्ता खणलेला, त्यात तिथल्या मंडळींनी गाडी थांबवून पुन्हा हार घातले. वकील माईकवर कन्नडमधून आणि आमच्याकडे वळून मराठीतून एकच सांगत होते, दहा मिनिटं.

अशी चार-पाच दहा मिनिटं झाली. अप्पांनी पेपर खाली ठेवला तेव्हा त्याची कड थरथरताना दिसली. कपाळावर घाम होता. मी जवळ जाऊन विचारलं, सकाळी साखरेची गोळी घेतली का? त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी दात घासले का असं विचारलं होतं. अर्थात घेतली होती. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, म्हणून घेतली. आणि जेवायचं नाही असं उपोषण समितीनं सांगितलं होतं, म्हणून जेवले नाहीत. दोन्ही हुकूम तंतोतंत पाळले. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायचे असतात, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. असली चूक हेडक्लार्कच करू जाणे.

उपाशीपोटी त्या गोळीनं साखर पार उतरली होती. ताटातला एक ग्लास उचलून मी त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. हात थरथरतोय, शब्द जड झालेत, पण हट्ट जागेवर. “घरच्या हातून नको,” ते म्हणाले. “हे घरचं उपोषण नाही.”

वकिलांना मी हाक मारली. ते धावत आले, घाबरलेही, पण त्यांचा एक डोळा फोटोग्राफरवर होता. म्हणाले, ताई, आता पाचच मिनिटं, पाहुण्यांच्या हातून सुटलं म्हणजे कसं, चळवळीची शोभा. तेव्हा माझा ताबा सुटला. माईक जवळच होता आणि चालू होता, हे मला नंतर समजलं. मी म्हटलं, “सकाळपासून लोक लोक म्हणताय. मग ही सरबतवाली कोण आहे? ती लोकांत येत नाही?”

 अक्कांना मराठी बोलता येत नसलं तरी कळतं, इथं सगळ्यांनाच कळतं. त्यांनी पदराला हात पुसले, माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि अप्पांसमोर उकिडव्या बसल्या. मग काहीतरी हळू विचारलं. अप्पांनी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि मान हलवली. बाई क्षणभर थांबल्या. तो क्षण मला फार लांब वाटला. मग त्यांनी ग्लास पुढं केला आणि म्हणाल्या, “साहेबर, कुडीरी.” साहेब, प्या.

अप्पा प्याले. एक ग्लास, लगेच दुसरा, त्यात अक्कांनी आणखी दोन चमचे साखर घातली. पंधरा-वीस मिनिटांत हाताची थरथर थांबली, घाम वाळला आणि अप्पांनी ‘माझा पेपर कुणी नेला’ म्हणून विचारलं. माझ्या जिवात जीव आला. मंडपाच्या खांबाला टेकून मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. देशाचं काय व्हायचं ते होवो, माझे अप्पा बसून पेपर मागत होते.

सात वाजता पाहुणे आले, वरातीमागून घोडं. त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचं मी ठरवलं होतं. पण उतरले ते सुजलेल्या पायांचे, घसा बसलेले एक थकलेले गृहस्थ. आल्या आल्या हात जोडून म्हणाले, लोक रस्त्यात उभे होते, नाही म्हणवेना. मग माझा अर्धा राग गेला. उरलेल्या दहांना त्यांनी सरबत दिलं. वकिलांनी अप्पांनाही फोटोपुरता एक घोट घ्यायची गळ घातली. अप्पा म्हणाले, माझं सुटलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दहाच जण होते.

त्या आंदोलनानं पुढं काय साधलं, ते मला आजही वर्गात पाच मुद्द्यांत सांगता येत नाही.

घरी येऊन अप्पा भाकरी आणि मुगाची आमटी जेवायला बसले. मी समोर बसून त्यांचा प्रत्येक घास मोजल्यासारखी बघत होते. शेवटी विचारलं, त्या अक्कांनी तुम्हाला काय विचारलं?

अप्पांनी घास ताटात ठेवला आणि सांगितलं. नवरा वारल्यावर पेन्शनच्या कागदासाठी ती बाई त्यांच्या कचेरीत वर्षभर खेपा घालत होती. शेजारच्या टेबलावरचा माणूस तिच्याकडं पैसे मागायचा आणि अप्पा रजिस्टरात मान घालून बसायचे. आज तिनं विचारलं, त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे ते तुम्हीच का?

“तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हणालो.” अप्पांनी ठेवलेला घास पुन्हा उचलला. “ओळखून दिलं गं तिनं. ओळखून दिलं.”

मग त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.