साडूंचं पिस्तूल

वस्तू विकत घेणारी माणसं जगात पोत्यानं सापडतील, पण वस्तू निवडणारा माणूस देवानं एकच घडवला आणि तो नेमका माझा साडू झाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान इथे कॅनडात, नॉर्थ यॉर्कमध्ये अकराव्या मजल्यावर राहतात आणि वॉनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात. नुसतं तपासण्याचा पगार मिळतो, हे त्यांना अजून खरं वाटत नाही. साधा टोस्टर घ्यायचा तर ते एक्सेलची शीट उघडतात, आणि शीट पुरी होईस्तोवर कंपनीनं तो टोस्टर बनवणं बंद केलेलं असतं. एकदा त्यांनी आठ महिने स्नो ब्लोअरचा अभ्यास केला. अकराव्या मजल्यावर कुठला बर्फ साफ करणार, असं मी विचारलं तेव्हा माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहून म्हणाले, "अरे, उद्या घर घेतलं तर? तेव्हा घाईघाईत निवडायचा का?"

असा हा माणूस दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात पिस्तूल निवडायला बसला. त्याला कारण घडलं होतं. ताई एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असतात. त्या साडेपाचच्या बसनं घरी येतात आणि साडू रोज सिग्नलच्या अलीकडे उभे राहून त्यांची वाट बघतात. डिसेंबरात त्या वेळी मिट्ट काळोख असतो. एके दिवशी बसमधून उतरल्या उतरल्या एका माणसानं ताईंची पर्स ओढली. पर्समध्ये रिकामा डबा आणि बसचा पास होता, ताईंना खरचटलंसुद्धा नाही. सिग्नल लाल होता म्हणून मला पलीकडे जाता आलं नाही, असं साडूंनी पोलिसांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, ताईंनाही सांगितलं. मला मात्र बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये गाठून म्हणाले, "सिग्नल हिरवा होता रे. तिनं माझ्याकडे बघून हात केला आणि माझे पायच हलले नाहीत. कुणाला बोलू नकोस." यापुढे आपल्या कमरेला पिस्तूल हवं, लहानसं, शर्टाखाली कुणाला न दिसणारं, असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी पोहे खाता खाता त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. त्रेचाळीस पिस्तुलं! वजन किती, जाडी किती, गोळ्या किती, मागचं टोक शर्टात अडकतं का, गाडीत बसल्यावर पोटाला टोचतं का, वॉरंटी आहे का. एका रकान्याला 'हिला समजेल का' असं शीर्षक होतं आणि त्याखाली त्रेचाळीस वेळा 'हो' लिहिलेलं होतं. रात्रंदिवस अमेरिकन माणसांचे व्हिडिओ बघून साडूंची भाषाच पालटली होती. लांब नळीचा नेम चांगला पण बसताना त्रास, आखूड नळी लपते छान पण हाताला झटका फार, असं ते पूर्वी ज्या गंभीरपणे मिक्सरच्या भांड्यांबद्दल बोलत त्याच गंभीरपणे बोलू लागले. मी म्हटलं, "साडूभाऊ, इथे सहा महिने आपण स्वेटरवर जाकीट आणि जाकिटावर पार्का घालतो. तुम्ही चेन उघडून पिस्तूल काढेपर्यंत चोर घरी जाऊन जेवून झोपेल." ते मुळीच हसले नाहीत. "गुड पॉइंट," म्हणाले आणि 'पार्का आणि हातमोज्यांसकट लागणारा वेळ' असा नवा रकाना घातला.

वजन अंगवळणी पडावं म्हणून त्यांनी नव्या कोऱ्या मोज्यात सहाशे ग्रॅम तूरडाळ भरली, तोंड शिवून टाकलं आणि ती पुरचुंडी कमरेला खोचून ते हिंडू लागले. ऑफिसात, ग्रोसरीला, बसमध्ये, सगळीकडे डाळ बरोबर. कुणालाही काही दिसलं नाही याचा त्यांना भारी आनंद. पुढच्या वर्षीच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये सगळं मंडळ जमलं होतं, आणि झब्बा घातलेल्या साडूंनी मूर्तीपुढे साष्टांग नमस्कार घातला. ते उठले, डाळ तिथंच राहिली. गुरुजींनी मोजा उचलला, दाबून पाहिला आणि "शिधा का? तूरडाळ? उत्तम!" म्हणत देवापुढे ठेवला. साडूंची मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग." घरी जाताना साडू मला म्हणाले, "बेल्टची क्लिप लागणार. बरं झालं, आत्ताच कळलं."

दीड वर्षानं त्रेचाळीसची तीन झाली, तिनाचं एक झालं, आणि मग साडूंना लायसनची आठवण झाली. आधी वस्तू, मग फॉर्म, हा त्यांचा शिरस्ता. लायसनसाठी दोन दिवसांचा कोर्स होता, त्यात त्यांनी सोबतीला माझंही नाव घातलं. शिकवणारे गृहस्थ पांढऱ्या मिशांचे, अतिशय शांत. साडूंनी पहिल्याच तासाला हात वर करून आपल्या पिस्तुलाचं नाव सांगितलं आणि शर्टाखाली बाळगायला ते कसं काय, असं विचारलं. गृहस्थांनी चष्मा काढला. "सर, इथे तुम्हाला ते बाळगता येणार नाही. नेमबाजीच्या क्लबात न्यायचं, तेही कुलूप लावून, पेटीत." साडूंनी तेही टिपून घेतलं. "आणि एकशेपाच मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीचं पिस्तूल तर तुम्हाला विकतच घेता येत नाही." साडूंनी बॅगेतून शीट काढली. नळीच्या लांबीचा रकाना होता. त्रेचाळीसही पिस्तुलं आखूड होती, कारण आखूड म्हणूनच तर त्यांनी ती वेचून काढली होती. मला हसू आवरेना म्हणून मी वॉशरूमला निघून गेलो, आणि परत आलो तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली.

तरी लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा ते पहिल्या नंबरानं पास झाले. लांब नळीचं तर लांब नळीचं, पेटीत तर पेटीत, पण घरात असू दे, असं म्हणत त्यांनी फॉर्म भरला. त्यात बायकोच्या सहीची जागा होती. ताई पोळ्या लाटत होत्या. मी ओट्याशी चहा पीत उभा होतो, तिथून हलावं की नाही ते मला कळेना. ताईंनी पिठाचे हात पुसले, फॉर्म शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे त्या पर्ससाठी ना?"

साडूंनी हातातलं पेन ओट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "सिग्नल हिरवा होता. तू मला हात केलास, ते दिसलं मला. मी आलो नाही."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, मी बोलावत कुठं होते? त्याच्या हातात सुरी होती. तुम्ही धावत याल म्हणून मला धडकी भरली. तिथंच थांबा, असं सांगत होते मी." आणि पुढे म्हणाल्या, "दीड वर्ष मनात ठेवलंत? मला एकदा विचारायचंत तरी."

इतकी चिकित्सा करणाऱ्या माणसानं एवढी एकच गोष्ट तपासली नव्हती. ते खुर्चीवर बसले आणि रडले. मोठ्या माणसाला असं रडताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ताईंनी फॉर्मवर सही केली नाही आणि त्यांनीही पुन्हा मागितली नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत एकदा मी त्या रस्त्यानं गाडीतून चाललो होतो. अंगाला झोंबणारा वारा होता. बसला अजून पंधरा मिनिटं तरी होती आणि साडू आता सिग्नलच्या पलीकडे, बस थांबते तिथंच, पार्क्याच्या खिशात हात घालून उभे होते. मला या माणसाबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती. हाक मारावी असं फार वाटलं, पण त्यांचं सगळं लक्ष बस येते त्या दिशेला होतं.