बोर्डाला ऐकू येत नाही

वानखेडे मॅडमना ज्या कामासाठी पुरस्कार मिळाला, ते काम त्यांनी कधी केलंच नव्हतं.

आज सकाळी त्या गेल्या. शाळेच्या ग्रुपवर दुपारपर्यंत श्रद्धांजलीचा बॅनरही आला. 'डिजिटल शिक्षणाच्या अग्रदूत'. फोटोत मॅडम त्या मोठ्या टचस्क्रीन बोर्डाशेजारी उभ्या.

तो बोर्ड मी चांगला ओळखतो. आमच्या विश्रांतवाडीच्या शाळेत तो आला तेव्हा शिवणाच्या बाईंनी त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. त्या खोलीची किल्ली हेडसरांच्या खिशात. दसऱ्याला त्याला हार घातला आणि काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही. बॅनरवरच्या फोटोतही दिसतोय, झूम करून बघा.

मॅडम चौथीला शिकवायच्या. मूळच्या अकोल्याच्या, राहायला खडकीला क्वार्टर्समध्ये. मी शनिवार पेठेतला, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला सुरुवातीला हसायचो. त्या माझ्या बोलण्याला शेवटपर्यंत हसल्या.

त्यांची टेक्नॉलॉजी म्हणजे फक्त त्यांचा मोबाईल.

आमच्याकडची बरीच मुलं विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या कामगारांची. घरात फोन एकच, तोही संध्याकाळी वडिलांबरोबर घरी येणारा. मग मुलांनी धड्यातला एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज करून मॅडमना पाठवायचा. मॅडम दुसऱ्या दिवशी घरी जाताना रिक्षात कानाला इअरफोन लावून एकेक ऐकायच्या आणि प्रत्येकाला बोलूनच उत्तर द्यायच्या.

एकदा मी म्हटलं, एवढा बोर्ड आहे, तो तरी वापरा की.

"बोर्डाले काई आयकू येते का सर? लेकरू वाचते तवा आयकणारं कोणी पायजे."

वर्गात दिव्या नावाची मुलगी होती. बोलताना अडखळायची, म्हणून बोलायचीच नाही. पहिलीपासून शाळेत कोणी तिचा आवाज ऐकला नव्हता. घरी मात्र ती वडिलांचा फोन घेऊन पांघरुणात शिरायची आणि वाचायची.

अडखळत, पण पूर्ण वाचायची. मॅडमचं म्हणणं, वर्ष संपायच्या आत ही पोरगी वर्गात उभी राहून वाचेल.

मग तो पुरस्कार आला. 'तंत्रस्नेही शिक्षक'. हेडसरांनी परस्पर मॅडमचं नाव पाठवलं. परीक्षक बोर्ड किती वेळ चालू असतो ते पाहणार होते, म्हणून हेडसर सकाळी बोर्ड चालू करून खोलीला कुलूप लावायचे. आत बोर्ड आणि पंखा, दोघंच. शाळा सुटली की बंद.

निकाल अर्थातच आमच्या बाजूने लागला.

मॅडम नाही म्हणणार होत्या. पण मनोगताला दोन मिनिटं मिळतील असं कळलं, आणि त्यांनी ठरवलं की तिथे दिव्याचं वाचन सगळ्यांना ऐकवायचं. दिव्याला विचारलं. तिने मान हलवून हो म्हटलं. वडिलांनी कंपनीत रजा टाकली. पोरगी दिवाळीचा फ्रॉक घालून हॉलमध्ये बसली होती, माझ्या शेजारीच.

पाहुणे उशिरा आले. मनोगतं रद्द झाली.

मॅडमना शाल दिली, स्मृतिचिन्ह दिलं, फोटो काढला. निवेदिकेने 'डिजिटल फलकाचा सातत्यपूर्ण वापर' असं वाचलं. मॅडमच्या हातात मोबाईल तसाच होता, क्लिप लावून तयार.

पुढचं आणखी भारी. पुरस्कारप्राप्त शाळेला व्हॉट्सअ‍ॅप शोभत नाही म्हणून पालकांचे ग्रुप बंद. गृहपाठ आता अ‍ॅपवर. त्यात चारपैकी एका उत्तरावर बोट ठेवायचं, बोलायची सोयच नाही. आणि मॅडम एवढ्या तंत्रस्नेही, तर त्यांना वर्गात कशाला वाया घालवायचं? वर्ष अर्ध्यावर असताना त्यांचा वर्ग काढून घेतला आणि ऑफिसात अ‍ॅपवर सगळ्या शाळेची माहिती भरायला बसवलं.

मॅडम शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांना जाऊन भेटल्या. निदान चौथी संपेपर्यंत वर्ग राहू द्या म्हणाल्या. उत्तर मिळालं, "अहो, पुरस्कार मिळाला ना आपल्याला? आता आणखी काय हवंय?"

दिव्याने वर्गात उभं राहून वाचलं नाही. चौथीत नाही, त्यानंतरही नाही. आता सातवीत आहे. हजेरीला हात वर करते.

मॅडमच्या आजारपणात भेटायला गेलो होतो. त्यांनी इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. दिव्याची जुनी क्लिप. मागे कुकरची शिट्टी, आणि ती एका शब्दापाशी अडलेली. मला राहवलं नाही, मी तो शब्द म्हणून टाकला.

"थांबा ना सर. आपण बोललो की ते गप बसते. थांबलं की येते शब्द."

थांबलो. आला.

आज खडकीला अंत्यदर्शनाला दिव्या आली होती, वडिलांबरोबर. मॅडमच्या पायाशी उभी राहिली. मी विचारलं, बाळा, मॅडमना काही सांगायचंय?

तिने तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि अडलं.

मी थांबलो. तिचे वडीलही थांबले. तिची मान ताठ झाली होती, डोळे मिटलेले. शब्द येत होता, मी शपथेवर सांगतो.

"चला, गाडी आलीये, उशीर होतोय," हेडसर मागून म्हणाले. चौघे पुढे झाले आणि मॅडमना उचललं.

दिव्याने तोंड मिटलं.

मॅडम, तिचं सांगायचं राहिलंच. आता थांबून ऐकणारं तिला कोण भेटणार, मला माहीत नाही.

तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.